सावड पैशानं कशी फेडणार?

मेलबर्नहून एका जोडप्याचं पत्र आलं आहे. घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. वडील 72 वर्षांचे, सहा एकर वावर. ऐन सोयाबीन वाळलं तेव्हा ते बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. वरून पावसाचा अंदाज. गावातली नऊ-दहा घरं न बोलावता आली, दोन दिवसांत सोयाबीन सोंगलं, गंजी लावून ताडपत्री टाकली. पुढे कापसाचा पहिला वेचाही त्यांनीच केला. मुलानं प्रत्येक घरी 5,000 रुपये पाठवायचं ठरवलं, तर शेजारचे काकाजी फोनवर एवढंच म्हणाले, "पैसे कायले देतं बाप्पा?" त्यानंतर त्यांचा सूरच बदलला. मुलगा विचारतो, माझं काय चुकलं? आणि शेवटी एक ओळ आहे: "आई म्हणते, गजानन महाराजांनीच माणसं धाडली. राबली माणसं आणि नाव महाराजांचं, हे मला पटत नाही."

तुमचं मन खरं आहे, यात मला शंका नाही. पण पैसे पाठवून तुम्ही हिशेब मिटवायला निघालात, आणि काकाजींना तो मिटवायचाच नव्हता. तुमच्या बाबांनी त्यांच्या वावरात किती वेळा डवरे, म्हणजे कोळपणीचे औत, हाकले असतील, पेरणीला एक बैल कमी पडला तेव्हा कुणाचा बैल कुणाच्या जोडीला जुंपला असेल, हे त्या दोघांना पाठ आहे. मृगाचा पाऊस पडला की गावात सगळ्यांना एकाच वेळी पेरायचं असतं. तेव्हा नोटा हातात असूनही बैलजोडी मिळत नाही. मिळते ती सावडीनं. कामाला काम, बैलाला बैल. हे देणंघेणं वर्षानुवर्षं चालू राहतं म्हणूनच अडल्या वेळी माणूस धावून येतो. पाच हजारांचा अर्थ त्यांना असा लागला की आता आपलं काही उरलं नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते. माझे वडील गेले त्या वर्षी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, शेजाऱ्यांनी वेचून दिली. मी घाईघाईनं पाकिटं भरली आणि घरोघरी देऊन आले. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी ते पाकीट आमच्या तुळशीपाशी ठेवलं आणि न बोलता निघून गेल्या. पुढची दोन वर्षं त्या आमच्या घरची पायरी चढल्या नाहीत. मग एका कार्तिकात मी त्यांच्या वावरात जाऊन दिवसभर वेचणीला बसले. त्या दुपारी त्यांनी त्यांच्या भाकरीतली अर्धी मला दिली.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या नऊ-दहा घरांत सगळ्यांकडे वावर आहे का? आईला विचारा. फोनवर ती आपणहून सांगणार नाही, पण तिला ठाऊक असेल. ज्यांना वावर आहे त्यांची सावड झाली. पण ज्या बाईला वावरच नाही आणि जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तिनं तुमच्याकडे दोन दिवस दिले म्हणजे ऐन हंगामातली दोन दिवसांची मजुरी सोडली. तिच्या वावरात तुम्ही कधीच सावड फेडू शकणार नाही. तिचे पैसे राहता कामा नयेत. सोंगणीचा त्या आठवड्यात गावात जो भाव होता तोच, वेचणीचे किलोप्रमाणे, आईच्या हातून, बाजाराच्या आदल्या दिवशी. बक्षीस म्हणून नाही, चुकारा म्हणून. दिवाळीला लुगडं द्यायचं असेल तर ते वेगळं द्या. मजुरी आणि माया एका पाकिटात घालू नका.

ज्यांना वावर आहे त्यांच्यासाठी काय करायचं? बाबांकडे सालदार असेल, बैल असतील, तर तुरी काढायच्या वेळी ती जोडी आणि तो गडी काकाजींकडे पाठवा. नसेल तर तुमच्या खर्चानं दोन माणसं लावा, पण सांगताना "आमच्याकडची माणसं येतील" असं बाबांनी सांगावं, तुम्ही नाही.

फवारणी मात्र कुणालाही सावडीवर करू देऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यातच फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते दिवस आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, वारा तोंडावर असताना, उघड्या अंगानं दुसऱ्याच्या वावरात कुणी पंप पाठीवर घ्यावा असं उपकाराचं ओझं कुणावर नको. त्यापेक्षा पुढच्या भादव्याआधी हातमोजे, चष्मे आणि चांगले मास्क घेऊन द्या, सगळ्या आळीला पुरतील इतके.

बाबा झोपून आहेत म्हणून आणखी एक विचारून घ्या: ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, झाली का? ती मोबाईलवरून वावरात उभं राहूनच करावी लागते, आणि ती नोंद नसली तर पुढे मदतीच्या आणि विक्रीच्या वेळी अडचण येते. शेजारचा एखादा पोरगा पाच मिनिटांत करून देईल. त्याला सांगणं हीसुद्धा सावडच.

आता आईचं. काही घरांतली माणसं वावरात आली की हात जोडून, "गण गण गणात बोते" म्हणून इळा हाती घेतात. कापसाचा पहिला वेचा सुरू व्हायच्या आधी वावरात सीतादही होते, पऱ्हाटीखाली खडे मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात, मगच ओटी बांधतात. तुमच्या वावरात ती या वर्षी कुणी केली असेल? आई घरात बाबांपाशी होती. शेजारच्या कुणा बाईनं तुमच्या वावरात तुमच्या नावानं दहीभात ठेवला असेल. आई महाराजांचं नाव घेते तेव्हा ती काकाजींचं श्रेय हिरावून घेत नाही. काकाजींना विचारलं असतं तर तेही तेच म्हणाले असते. तिच्याशी वाद घालू नका. रात्रभर बाबांच्या उशाशी बसलेल्या त्या माउलीला तेवढाच आधार होता.

देवळाला देणगी देऊन नावाची पाटी लावायचा विचार तुम्ही लिहिला आहे. तो सोडून द्या. कार्तिकात काकडा चालतो, शेवटी काला होतो, पंगत बसते. पुढच्या पंगतीला तुमच्या वावरातल्या तुरीची डाळ जाऊ द्या, एक पोतं. गावात ते सगळ्यांना कळतं, पाटी लागत नाही.

आणि तुम्ही या. मेलबर्नमधल्या शाळांना डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर सुट्टी असते ना? तेव्हा आपल्याकडे कापसाचे शेवटचे वेचे आणि तुरी, दोन्ही चालू असतात. लग्नाच्या तारखेवर टिकिटं काढतो, तशी एकदा वेचणीवर काढा. चार दिवस काकाजींच्या वावरात जा, मुलांनाही न्या. सकाळी लवकर गेलात तर बरं, दवानं पत्ती नरम असते, कापसात कचरा कमी येतो. नवऱ्यानंही ओटी बांधावी, नुसते फोटो काढू नयेत. काकाजी पहिल्या दिवशी "राहू द्या जी" म्हणतील. ऐकू नका, वेचत राहा. आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट घाला, पऱ्हाटी फार ओरबाडते.