टेपच्या मापात फुटाचा फरक: आधी उतार बघा, मग दगड

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुळशीकडे डोंगरउतारावर एनए (बिगरशेती) लेआउटमधला प्लॉट आहे. मंजूर नकाशावर पूर्वेच्या बाजूचं माप 60.70 मीटर आहे. तुम्ही फायबरच्या टेपने वरच्या दगडापासून खालच्या दगडापर्यंत तीनदा मोजलं आणि 60.95, 61.10, 60.92 असे आकडे आले. त्यावरून शेजारी म्हणतात, तुम्ही खालचा दगड फूटभर त्यांच्या हद्दीत सरकवलात. आणि अगदी शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की खालचा कोपरा "दुमजली घराइतका" खाली आहे. माझ्या मते तुमचं निम्मं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे.

नकाशावरचं माप आडवं असतं. जमीन कितीही चढउताराची असो, नकाशात, क्षेत्रफळात आणि सातबाऱ्यावर येते ती तिची आडवी लांबी-रुंदी. तुम्ही टेप जमिनीला टेकवून मोजलात, म्हणजे उताराची लांबी मोजलीत. दोन्हींतला फरक काढायला सोपा हिशोब आहे: उंचीच्या फरकाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. दुमजली घर सहा मीटर धरा. सहाचा वर्ग 36, त्याला 121.4 ने भागलं की 0.297 येतं. म्हणजे जवळपास 30 सेंटीमीटर, शेजाऱ्यांचा तो फूट. 60.70 मध्ये मिळवले की 61.00. तुमच्या तीन मापांची सरासरी 60.99 येते.

पण हा कागद घेऊन लगेच शेजाऱ्यांकडे जाऊ नका. सहा मीटर हा आपला अंदाज आहे. तोच फरक पाच मीटर निघाला तर वाढ 21 सेंटीमीटर होते, सात निघाला तर 40. वर्ग असल्यामुळे अंदाजातली थोडी चूक इथे मोठी होऊन बसते. म्हणून आडवं अंतर प्रत्यक्ष मोजायला हवं.

दुसरी गोष्ट. तुमच्या तीन मापांत आपसात 18 सेंटीमीटरचा फरक आहे. तो उतारामुळे नाही, उतार तिन्ही वेळा तोच होता. तो ओढीमुळे आणि गवतामुळे आला. टेप ढिला राहिला, झुडपावरून वळून गेला की माप जास्त येतं. जोरात ओढला की फायबर स्टीलपेक्षा कितीतरी जास्त ताणतो आणि माप कमी येतं. टेप लांबला की वाचन घटतं, हे डोक्यात पक्कं बसवा, नवशिके इथे हमखास उलटं समजतात. नवा दगड रोवताना मात्र तेच उलट होतं. ताणलेल्या टेपवर 60.70 वाचून खुंटी ठोकलीत तर ती खरोखर 60.70 च्या पुढे बसेल.

टेपच्या कामात दोन जातीच्या चुका असतात. काही कधी इकडे, कधी तिकडे जातात: खूण दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे पडणं, वाचताना डोळा तिरका असणं. त्या तीन-चारदा मोजून सरासरी काढली की बऱ्याच विरतात. दुसऱ्या जातीच्या चुका दर वेळी एकाच बाजूला ढकलतात: उतार, झोळ (हवेत धरलेला टेप मध्ये लोंबणं), टेपची स्वतःची चूक, ऊन. त्या शंभर वेळा मोजलं तरी तशाच राहतात, उलट दर वेळी तोच आकडा येतो म्हणून आपला विश्वास वाढतो. तुमच्या सरासरीचं नेमकं हेच झालंय.

आता प्रत्यक्ष काम. स्टीलचा 30 मीटरचा टेप, ओळंबा, सात-आठ खुंट्या, खिळे, लाइनदोरी आणि दोन माणसं घ्या. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. दोन्ही दगडांमध्ये दोरी ताणून रेषा दाखवून ठेवा. रेषेची फार चिंता करू नका. 30 मीटरच्या मध्यावर टेप फूटभर बाजूला गेला तरी सहा मिलिमीटरच वाढतात.

मोजायचं वरून खाली, पायरी पायरीने. वरचा माणूस शून्य दगडावरच्या खुणेला टेकवून धरतो. खालचा माणूस टेप आडवा ताणून छातीच्या उंचीपर्यंत उचलतो, टेपच्या कडेवरून ओळंब्याची दोरी सोडतो आणि टोक जिथे टेकतं तिथे खुंटी ठोकून डोक्यावर खिळा मारतो. छातीची उंची सव्वा मीटर धरली तर तुमच्या उतारावर एक पायरी 10 ते 12 मीटरची होईल. त्याहून लांब जाऊ नका. खालच्या माणसाला हात डोक्यावर धरावे लागले की ओळंबा थरथरतो आणि ओढ सुटते.

टेप आडवा आहे हे कसं कळणार? डोंगरउतारावर नुसत्या नजरेवर विसंबू नका. आजूबाजूची सगळी जमीन तिरकी असल्यामुळे नजर तिरक्यालाच आडवं मानू लागते, हे माझं स्वतःचं कित्येकदा झालंय. उपाय सोपा आहे. ओळंब्याची दोरी स्थिर ठेवा, टेपचं खालचं टोक तिच्या कडेने सावकाश वर-खाली करा आणि दोरीपाशी वाचत राहा. आकडा कमी कमी होत जाईल, एका जागी थांबेल, मग पुन्हा वाढू लागेल. तो सर्वांत कमी आकडा म्हणजेच आडवं अंतर. एकदा करून बघा, दुसऱ्या पायरीपासून हाताला सवय होते.

लहान पायऱ्यांचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे झोळ. हवेत धरलेला टेप स्वतःच्या वजनाने मध्ये खाली येतो आणि माप जास्त दाखवतो. 30 मीटरच्या पट्टीचं वजन अर्धा किलो धरा. दोन टोकांना धरून 5 किलोची ओढ दिली तर झोळामुळे साडेबारा मिलिमीटर जास्त वाचतात. ओढ निम्मी, म्हणजे अडीच किलो झाली तर तेच चौपट होऊन पाच सेंटीमीटर होतात. पण त्याच टेपवर 10 मीटरची पायरी घेतली तर 5 किलोला अर्धा मिलिमीटरही भरत नाही. लांबीच्या घनाने झोळाची चूक वाढते, म्हणून तिसरा भाग घेतला की ती सत्ताविसावा हिस्सा होते.

स्टीलचे टेप साधारणपणे 20 अंश तापमानाला आणि 50 न्यूटन, म्हणजे सुमारे 5 किलो ओढीला बरोबर असतील असे आखलेले असतात. बऱ्याच टेपवर शून्याजवळ हे छापलेलंही असतं. पाच किलो म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा टेपच्या कडीत अडकवून घरीच चार-पाच वेळा ओढून बघा. बहुतेक जण आपण पाच किलो ओढतोय असं समजतात आणि काटा दोन-अडीचवर असतो.

उन्हाचं तुमच्या 60 मीटरला फारसं नाही, पण ते मी कसं शिकलो हे सांगतो, कारण इथे रस्ता-कालव्याच्या कामावरचे बरेच जण आहेत. जळगाव जिल्ह्यात वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) कामावर होतो, नोकरीचं दुसरंच वर्ष. दोन पक्क्या खुणांमधलं अंतर मे महिन्यात दुपारी मी 600.02 मीटर मोजलं होतं. डिसेंबरात सकाळी दुसऱ्या तुकडीने मोजलं, 600.26 आलं. 24 सेंटीमीटरचा फरक. माझ्या खलाशाला (टेप धरणाऱ्या मदतनिसाला) बोलणी बसली, मला वाटलं त्यानेच कुठेतरी सळी, म्हणजे टेपचं टोक येतं तिथे रोवायची लोखंडी खूण, चुकीच्या जागी रोवली. साहेबांनी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, "टेपला हात लावला होतास का मेमध्ये?" लावला होता. काळ्या मातीवर पडलेली पट्टी उचलताना चटका बसत होता, गुंडाळताना फडकं धरावं लागत होतं.

मग त्यांनी कागदावर मांडलं. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत साडेअकरा भागांनी वाढतं. मेमध्ये पट्टी 50 अंशांवर धरली, म्हणजे 20 पेक्षा 30 अंश वर. 600 मीटरवर 20.7 सेंटीमीटर कमी वाचले गेले होते. डिसेंबरात 15 अंश, म्हणजे पाच अंश खाली, साडेतीन सेंटीमीटर जास्त वाचले गेले होते. दुरुस्त केल्यावर दोन्ही आकडे 600.22-600.23 वर येऊन भेटले. कुणाचीच सळी चुकली नव्हती. त्या संध्याकाळी मी खलाशाची माफी मागितली, आणि पुढे मोजणीच्या वहीत वेळ आणि ऊन-सावली लिहिल्याशिवाय एक ओळ सोडली नाही.

याच प्रसरणावर उपाय म्हणून शार्ल गियोम यांनी 1896 मध्ये सुमारे 36 टक्के निकेल असलेला इन्व्हार हा मिश्रधातू शोधला. त्याच्या पट्ट्या उष्णतेने जवळजवळ लांबत नाहीत. त्या कामासाठी 1920 चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालं. त्याच्याही आधी, 1802 मध्ये भारताची मोठी मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा (जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती रेषा) मोजली, तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पन्हळीत, सावलीत ठेवून शेजारी तापमापक लावले होते. आठवडेच्या आठवडे त्यात गेले. त्यांची कबर आपल्या हिंगणघाटला आहे. वर्ध्याकडे गेलात तर जरूर जाऊन या. मी गेलो होतो तेव्हा बराच वेळ तिथून पाय निघेना.

टेप कुठला घ्यावा? फायबरचा टेप खड्डे आखायला, झाडांची अंतरं घ्यायला ठीक आहे. हद्दीसाठी नको. स्टीलच्या बऱ्याच टेपवर सुरुवातीला अंडाकृती चौकटीत रोमन आकडा असतो, तो अचूकतेचा वर्ग. एक म्हणजे 30 मीटरला 3.1 मिलिमीटरपर्यंत चूक चालते, दोन म्हणजे 6.3. तुम्हाला दोन पुरेसा आहे. कंपनी कोणतीही असो, शून्य कुठून सुरू होतं ते उजेडात नीट बघा. काही टेपचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं पट्टीवर थोडं आत. कडी मोडून दुसरी बसवलेला टेप तर हद्दीच्या कामाला वापरूच नका. हातात घेण्याचे लेझर घरात उत्तम, पण उघड्या उन्हात 60 मीटरवरचा ठिपका दिसत नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्यांनी मी भांडणं झालेली पाहिली आहेत. दगडाच्या नेमक्या कुठल्या जागेपासून मोजायचं ते आधी दोघांनी ठरवा. दगडाचा माथा 15 सेंटीमीटर रुंद असेल, एकाने कडेपासून आणि दुसऱ्याने मध्यापासून धरलं, तर साडेसात सेंटीमीटर तिथेच गेले. माथ्यावर फुली कोरलेली असेल तर तीच धरा. आणि आकडे ओरडून सांगताना सुटे सांगा. वाऱ्यात "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" सारखंच ऐकू येतं. "पाच, नऊ" म्हणा, लिहिणाऱ्याने परत म्हणायचं, मगच खुंटी हलवायची. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहा, बेरीज घरी.

नकाशाच्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून माप काढायचं नाही. 1:500 च्या नकाशावर 0.3 मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 15 सेंटीमीटर झाकते, शिवाय झेरॉक्समध्ये कागद लहान-मोठा होतो तो वेगळाच. नकाशावर छापलेला आकडा तेवढा धरा.

हे सगळं शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करा. वरचं टोक तुम्ही धरा, ओळंबा त्यांच्या हातात द्या. पुढच्या वेळी उलट. स्वतः वाचलेल्या आकड्यावर माणूस सहसा वाद घालत नाही.

आडवं माप 60.67 ते 60.73 च्या दरम्यान आलं तर दगड जागेवर आहे असं मी समजेन. एवढ्या पायऱ्यांत दोन-तीन सेंटीमीटर इकडे-तिकडे होतातच. आडवं नीट धरूनही 60.85-60.90 येत राहिलं तर एकतर दगड हलला आहे, नाहीतर लेआउट आखतानाच तो तिथे बसला होता, आणि यातलं काय खरं हे टेप सांगू शकत नाही. मग तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि भूकरमापक (सरकारी मोजणीदार) येईपर्यंत कुंपणाचा एकही खांब गाडू नका. तोवर दोन्ही दगडांना हात न लावता त्यांचे फोटो काढून ठेवा, जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून प्रत्येक दगडाची दोन-दोन अंतरं मोजून लिहून ठेवा.

मोजलंत की पायऱ्यांचे सुटे आकडे, वेळ आणि टेप कुठला होता ते इथे लिहा. मी बेरीज आणि दुरुस्ती बघून देईन.