गुरुजी, आधी सुट्टे पैसे काढा

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय ६८. आयुष्यभर गणित शिकवलं, कितीतरी मुलं शिष्यवृत्तीत आणली. आता सांगलीत मुलाकडे असतो. नात चौथीत आहे. शांत, गोड पोर, पण गणिताला बसली की पाच मिनिटांत हरवते. खिडकीबाहेर बघत राहते, पेन्सिल कुरतडते. तोंडी विचारलं तर बरोबर सांगते, वहीत तेच चुकतं. काल आलेलं आज येत नाही. कोल्हापूरच्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नसल्याचा विकार सांगितला, तोही चंचलपणा नसलेला. आमच्या काळी असलं काही नव्हतं. रोज रात्री आठ ते नऊ मी तिला शिष्यवृत्तीच्या तयारीला बसवायचो. मागे एकदा सातचा पाढा पुन्हा पुन्हा चुकली तेव्हा हातावर पट्टी मारली. तेव्हापासून ती वही घेऊन माझ्याकडे फिरकत नाही. सूनबाई म्हणाली, 'बाबा, यापुढे तुम्ही तिचा अभ्यास घेऊ नका.' मुलगा दोघांच्या मध्ये अडकलाय. माझं शिकवणं चुकलं, की पोरीचंच काही खरं नाही?
— एक आजोबा, सांगली

गुरुजी, नमस्कार.

आधी पट्टीचं बोलू, कारण ते मिटल्याशिवाय पुढच्या सल्ल्याचा उपयोग नाही. सूनबाईंचं बरोबर आहे. शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१० पासून नोकरीत तुम्ही ते पाळलंही असेल. घरात ते कलम लागत नसलं तरी हात त्याच वयाच्या मुलीचा आहे. आणि नुसत्या व्यवहाराने बघितलं तरी मार तोट्याचाच. या मुलीकडे लक्ष आधीच बेताचं. आजोबा आता चिडणार का, हे तुमच्या चेहऱ्यावर वाचण्यात ते खर्च झालं तर वजाबाकीला काय उरणार?

तेव्हा तिला एकदा जवळ बोलवून सांगा, 'त्या दिवशी मी पट्टी मारली, ते माझं चुकलं. परत मारणार नाही.' एवढंच. त्याला 'पण तूही लक्ष द्यायला हवं होतंस' हे शेपूट जोडू नका. आपल्याकडे आजोबांनी नातवंडांची माफी मागायची पद्धत नाही, मला ठाऊक आहे. शब्द जड जातील. जाऊ द्यात. सूनबाई आसपास असल्या तर चांगलंच, पण त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलू नका.

आता 'आमच्या काळी असलं काही नव्हतं' याबद्दल. होतं हो. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवर घालणं, लक्ष टिकवणं जमत नाही अशा मुलांविषयी जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये १९०२ साली व्याख्यानं दिली होती. आपल्या शाळांत त्याला नाव नव्हतं, इतकंच. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा तुम्ही स्वतः किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला असेल, आठवून पाहा. त्यात मुली तर हमखास सुटतात. वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, मग तिच्याकडे बघतंय कोण? तुमच्या घरी ते चौथीत लक्षात आलं, म्हणजे लवकरच आलं म्हणायचं.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात कामाचं वाटलं ते वाक्य हे: 'तोंडी विचारलं तर बरोबर सांगते, वहीत तेच चुकतं.' ज्याला गणित कळलेलंच नसतं ते मूल सहसा तोंडीही चुकतं आणि रोज एकाच तऱ्हेने चुकतं. तुमची नात आज एक चूक करते, उद्या दुसरी, परवा करतच नाही. म्हणजे घोटाळा कळण्यात नाही, धरून ठेवण्यात आहे. एखादी गोष्ट डोक्यात धरून त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, याला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांची ही ओंजळ लहान असते. तीन गोष्टी मावत असतील आणि तुम्ही चौथी टाकलीत, तर चौथीच सांडेल असं नाही. कुठलीही सांडते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडून 'नाही' असं आहे. तुमची पद्धत वर्गातल्या बहुतेक मुलांना चालून गेली, कारण त्यांना ऐकलेलं धरून ठेवता येत होतं. हिला जमत नाही, तर जे डोक्यात धरावं लागतं ते टेबलावर, कागदावर, भिंतीवर उतरवायचं. माझं सांगणं एवढंच. पुढे आहे ती त्याची फोड.

समजा, ४०३ मधून १६७ वजा करायचे आहेत. तुम्ही म्हणाल, 'तिनातून सात जात नाहीत. शेजारी शून्य, त्याच्याकडे काही नाही. मग शतकाकडे जा, एक शतक घे, त्याचे दहा दशक कर, त्यातला एक एककाला दे, राहिले नऊ, एककाचे झाले तेरा.' तुमच्या तोंडून हे अस्खलित येतं. पण ऐकणारीने काय काय धरायचं ते बघा: चाराचे तीन झाले, शून्याचे आधी दहा आणि मग नऊ, तिनाचे तेरा, आणि वजा काय करायचंय तेही विसरायचं नाही. मध्येच गल्लीत कुत्रं भुंकलं, की ती मनाने तिकडे जाऊन येते आणि शतकाचे तीन केले होते की चारच आहेत, हे तिला सांगता येत नाही. मग ती सुटका करून घेते. मोठ्यातून लहान घालवते: सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, चारातून एक गेला तीन. ३६४ लिहून मोकळी. तुम्हाला वाटतं, काल शिकवलेलं पालथ्या घड्यावर पाणी.

त्याऐवजी खरे पैसे काढा. तिच्यापुढे शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी ठेवा. सुट्टे तुमच्याकडे: दहाच्या दहा नोटा आणि रुपयाची दहा नाणी. म्हणा, 'तुझ्याकडे चारशे तीन रुपये आहेत. मला एकशे सदुसष्ट दे.' सात नाणी आपल्याकडे नाहीत हे तिला दिसेल. दहाची नोटही नाही. तुम्ही गप्प बसा. थोड्या वेळाने तीच म्हणेल, 'आजोबा, शंभराचे सुट्टे द्या ना.' नोट मोडणं तिला शिकवावं लागत नाही, किराणा दुकानात ती रोज बघते. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. आता तिच्यापुढे शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. द्यायला काहीच अडचण नाही. उरलेले २३६ समोर पडलेले असतात. मध्ये दोन मिनिटं ती हरवली तरी नोटा जागच्या हलत नाहीत, परत आली की तिथूनच पुढे. काही दिवस नुसते पैसेच चालू द्या, वही नको. मग पैशांची एक हालचाल झाली की वहीत तेवढंच लिहायचं. नोटा उचलून ठेवायची घाई तुम्ही करू नका, तिची तीच सोडेल.

आणि संख्या नुसती तोंडाने सांगू नका, लिहून समोर ठेवा. 'सदुसष्ट' म्हटलं की कानावर सात आधी पडतात आणि लिहायचे मात्र सहा आधी. 'एकोणसत्तर'मध्ये तर सत्तर ऐकायचं आणि सहा लिहायचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ सात' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! तुम्हीही त्या वेळी वैतागला असाल. मलाही सदुसष्ट सोडवत नाही. पण तुमच्या नातीला ही उलटापालट म्हणजे जादा हमाली आहे. गणित चालू असेल तेवढा वेळ 'सहा दशक सात' म्हणा. सदुसष्ट कुठे पळून जात नाही.

पट्टी पडली ती सातच्या पाढ्यावरून. 'सात सक?' असं मधलंच विचारलं की ती सात एके सातपासून चढायला लागते आणि चोकपाशी कुठेतरी सुटते. पाढ्याची लय म्हणायला फार छान, पण मधला एकच आकडा उचलायला ती कामाची नाही. तिला धरायला तीनच जागा द्या: सात दुणे चौदा, सात पंचे पस्तीस, सात दाहे सत्तर. सक हवं असेल तर पस्तिसात एक सात मिळवायचा, नव्वे हवं असेल तर सत्तरातून एक सात काढायचा. आणि गुणाकाराची गणितं करताना पाढ्यांचा तक्ता भिंतीवर राहू द्या, बघू दे तिला. 'मग पाठ कधी होणार?' तुम्ही विचारणारच. पाढे पाठ करणं आणि गुणाकार शिकणं ही दोन कामं आहेत, एका वेळी एकच करायचं. पाढे चेंडूचे टप्पे मारत म्हणू देत, झोपाळा असेल तर झोपाळ्यावर. हातपाय हलते राहिले की अशा मुलांचं डोकं पुष्कळदा जास्त जाग्यावर असतं. 'आधी नीट मांडी घालून बस' हा हट्ट सोडा.

वही चौकटीची घ्या, एका चौकटीत एक अंक, म्हणजे एककाखाली दशक जाणार नाही. पानावर दहा गणितं असतील तर पुठ्ठ्याला खिडकी कापून एकच दिसेल असं करा. सोडवायच्या आधी चिन्हाभोवती रंगीत पेन्सिलने गोल करायचा. अधिक की वजा हे न बघताच सुरुवात केल्याने झालेल्या चुका तिच्या वहीत तुम्हाला ढिगाने सापडतील. दहा नको, चार गणितं पुरे. चुकलेल्या गणितावर आडवी फुली न मारता जिथवर बरोबर आहे तिथवर बरोबरची खूण करा. आणि 'लक्ष कुठंय तुझं?' हा प्रश्न बंद. ते तिलाही माहीत नसतं. पानावर बोट ठेवा, म्हणा, 'आपण इथे होतो.'

रात्री आठची वेळ बदला. शाळा, खेळ, जेवण, सगळं होऊन त्या वेळी ती पार दमलेली असते. तिला औषध चालू असेल तर आणखी एक गोष्ट: मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा साधा, कमी वेळ चालणारा प्रकार साधारण चार तास टिकतो. सकाळच्या गोळीचा रात्री आठला काही असर उरत नाही. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर आणि आईवडील ठरवतील, तुम्ही-मी नाही. अभ्यासाची वेळ मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. शाळेतून आली, पोटभर खाल्लं, थोडं खेळली, की पंधरा मिनिटं. टायमर तिच्या हातात द्या. वाजला की थांबायचं. ती थांबेल, तुम्हीच थांबणार नाही. रंगात आलेला शिक्षक घंटेनंतरही फळा सोडत नाही, तुम्हाला मी काय सांगू!

एक शंका मात्र फेडून घ्या. एडीएचडीबरोबर गणिताची अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. निवांत वेळी, नोटा समोर असूनही ४७ मोठे की ७४ हे तिला ठरवता येत नसेल, टेबलावरची चार बोरंही एकेक मोजावी लागत असतील, तर तिच्या आईवडिलांना पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तपासणीचा विषय काढायला सांगा. पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून निदान करू नये. हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना राज्य मंडळ दहावीला जादा वेळेसारख्या सवलती देतं. एडीएचडीचं नाव त्या कायद्याच्या यादीत वेगळं दिलेलं नाही.

राहिली शिष्यवृत्ती. यंदा नको. दीड तासाच्या एका पेपरात पंचाहत्तर प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. या मुलीला गणित किती येतं हे त्या पेपरातून कळणार नाही, घड्याळ तिला किती घाबरवतं एवढंच कळेल. तुमच्या हाताखालून किती शिष्यवृत्तीधारक गेले, तो आकडा नातीने परीक्षा न दिल्याने कमी होत नाही.

हे सूनबाईंना तुम्ही स्वतः सांगा, मुलाला मध्ये घालू नका. आणि विचारा, 'रोज पंधरा मिनिटं, तुमच्यासमोर, पैशांची गणितं घेऊ का?' त्या लगेच हो म्हणतील असं नाही. नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, महिनाभर थांबा. तोवर संध्याकाळी नातीला घेऊन पत्ते खेळा. चित्रं बाजूला काढायची, दोघांनी दोन-दोन पानं टाकायची, ज्याची बेरीज मोठी त्याचा हात. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका, आणि मुद्दाम हरू नका. तिला ते लगेच कळेल.