मिलीबगवर पाचवी फवारणी घेण्याआधी डबीचे झाकण उघडा

कवठेमहांकाळ भागातील एका सदस्याने आपल्या द्राक्षबागेबद्दल काल इथे लिहिलेला प्रश्न वाचला आणि माझी २०२० च्या जानेवारीतील बाग जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर छाटणीपासून त्यांच्या मिलीबगसाठी, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या पिठ्या ढेकणासाठी, चार फवारण्या झाल्या आहेत. त्यांपैकी एका फवारणीत मँकोझेब या बुरशीनाशकाच्याच टाकीत व्हर्टिसिलियम हे जैविक कीडनाशक मिसळले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. मध्यंतरी प्रयोग म्हणून मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या मित्रकिडीचे भुंगेरे सोडले होते, तेही आता दिसत नाहीत. आणि गेल्या आठवड्यापासून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, ‘नेहमीपेक्षा मोठी, झिपरी, पांढरी मिलीबग’ पळताना दिसत आहे, तर पाचवी फवारणी कशाची घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

पाचवी फवारणी निदान आज तरी घेऊ नका, एवढेच माझे उत्तर आहे. पुढे जे लिहितो ते त्याचे कारण आहे. मी कृषी पदवीधर नाही. तासगाव तालुक्यात माणिक चमन या वाणाची अडीच एकर द्राक्षबाग बावीस वर्षे सांभाळतो आहे, तेवढ्यावरच माझे बोलणे आहे, आणि तुमची जमीन, पाणी व बागेचे वय वेगळे असल्यामुळे माझे सगळेच तुम्हाला लागू पडेल असे नाही. खोडाची साल काढणे, कोंडलेल्या फुटी काढणे, लेबलवरचे प्रमाण पाळणे या गोष्टी तुम्ही करत असालच, म्हणून त्यांत शिरत नाही.

तुमच्या प्रश्नातील एकाच शब्दावर मी अडलो, तो शब्द म्हणजे ‘पळताना’. मिलीबग पळत नाही. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम तीन मिलिमीटरची असते, सालीखाली किंवा घडाच्या देठाशी चिकटून बसते आणि काडीने डिवचली तरी आळसावल्यासारखी सरकते. जो किडा तिच्या तिपटीहून लांब आहे, ज्याच्या अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या लोंबतात आणि बोट जवळ नेताच जो ओलांड्याच्या खालच्या बाजूला झरझर निघून जातो, तो किडा बहुधा मिलीबग नसून तुम्ही सोडलेल्या क्रिप्टोलेमसची अळी आहे. तुम्ही भुंगेरे शोधत आहात, पण भुंगेरे अंडी घालून गेले आहेत आणि त्यांची पोरे आता कामाला लागली आहेत. मिलीबगच्या राखणीला असणाऱ्या मुंग्यांनी अंगावर येऊ नये म्हणून या अळीने मिलीबगसारखेच पांढरे सोंग घेतलेले असते. माझ्या बागेत या सोंगाला मुंग्या किती फसल्या ते ठाऊक नाही, पण मी फसलो आणि माझ्याहून शिकलेली माणसेही फसली.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस किती लांबला हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. डाऊनी या पानांवरच्या रोगाच्या भीतीने त्या हंगामात बुरशीनाशकांचे ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे फवारणी यंत्र) दिवसाआड फिरत होते आणि खोडाकडे लक्ष द्यायला कोणालाच सवड नव्हती. डिसेंबरअखेर घडांवर चिकटा, म्हणजे मिलीबगने सोडलेला गोड चिकट स्राव, दिसू लागला. मी एकरी दीड हजार या हिशेबाने क्रिप्टोलेमस आणून एका संध्याकाळी ओलांड्यांवर सोडले. साधारण अठरा दिवसांनी मला तेच दिसले, जे आज तुम्हाला दिसते आहे, आणि मला वाटले की मिलीबग औषधांना पुरून उरून आता दुप्पट मोठी झाली आहे.

फवारण्याआधी खात्री करावी एवढी बुद्धी मला तेव्हा झाली होती, याचेच मला आज अधिक वाईट वाटते. मुरांब्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत आठ-दहा किडे आणि पानासकट एक घड घालून मी एका कार्यालयात गेलो. कोणते कार्यालय ते सांगणार नाही; तिथली माणसे आता बदलली आहेत आणि माझा हेतू कोणाची अब्रू काढण्याचा नाही. दोन तास बाकावर बसलो. रजिस्टरमध्ये आवक नोंद झाली, अर्जावर शिक्का बसला, तोवर बरणी आतून घामेजून पुसट झाली होती. साहेबांनी ती उजेडाकडे धरली, झाकण न उघडता ‘मिलीबगच आहे, मोठी झाली आहे, कडक औषध घ्या’ असे सांगितले आणि चिठ्ठीवर एका सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे, म्हणजे स्पर्शाने मारणाऱ्या कीटकनाशकाचे, नाव लिहून दिले. झाकण उघडले असते आणि एक किडा तळहातावर उलटा केला असता, तर त्याचे मोकळे, लांब पाय पाहून शाळेतल्या पोरानेही हा वेगळा प्राणी आहे असे सांगितले असते. मिलीबगचे पाय अंगाखाली दडलेले असतात, ते शोधावे लागतात. नंतर मी लेखी तक्रार दिली. ‘अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे’ असे एक पत्र चार महिन्यांनी आले आणि ती कार्यवाही आजतागायत पुढेच आहे. असो.

त्याच रात्री मी ब्लोअर काढला. भुरी या रोगासाठी ट्रायझोल गटातील एक बुरशीनाशक घ्यायचेच होते, म्हणून तेही त्याच टाकीत घातले. सकाळी बागेत गेलो तर ओळीत अंथरलेल्या पाचटावर पांढऱ्या अळ्यांचा सडा पडला होता आणि मला आधी समाधान वाटले. मग वाकून पाहिल्यावर त्या अळ्यांमध्ये तपकिरी पाठीचे, नारिंगी डोक्याचे भुंगेरे मेलेले दिसले. चाकूने एका खोडाची साल उचकटली. आत मिलीबगची कापसासारखी अंडीपिशवी जशीच्या तशी होती आणि तिच्याभोवती गुलाबी, बारीक पिले वळवळत होती. एक मादी तीन-चारशे अंडी सहज घालते. महिन्याभरात काय झाले ते वेगळे सांगत नाही. खाण्यासाठी विकायचा माल चिकटा आणि काळ्या बुरशीमुळे बेदाण्याला टाकावा लागला आणि त्या बेदाण्यालाही रंग आला नाही. शिवाय फेब्रुवारीत पानांवर लाल कोळी असा उसळला, की तशी पाने मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

हे असे का होते, ते मला नंतर कळले. तुम्हाला ते आधी कळावे म्हणून सविस्तर लिहितो. स्पर्शाने मारणारे औषध उघड्यावर फिरणाऱ्याला सगळ्यात जास्त लागते. मिलीबग सालीखाली मेण पांघरून बसलेली असते, तिची अंडी पिशवीत असतात आणि तिथवर थेंब पोचत नाही. तिला खाणारी अळी मात्र भक्ष्य शोधत दिवसभर फवारलेल्या सालीवरून, पानांवरून, देठांवरून चालते आणि पायांनीच विष गोळा करते. जे मित्रकीटक थेट मरत नाहीत ते काही दिवस भक्ष्य न मिळाल्याने निघून जातात, आणि जेव्हा पिले सालीबाहेर येतात तेव्हा त्यांना अडवणारे कोणी उरलेले नसते. कोळ्याचेही तेच. लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी पायरेथ्रॉइडला फार नाजूक असतात, ते संपले की लाल कोळ्याला रान मोकळे होते. दुकानदार याला ‘कीड औषधाला सरावली’ म्हणतो आणि त्याहून महाग बाटली काढतो. कीड सरावते हेही खरे आहे, पण दर वेळी कारण तेच असते असे नाही.

त्या रात्रीच्या टाकीची आणखी एक गोष्ट मला अजून टोचते. शेजाऱ्याच्या बांधावरच्या बोरीला फुलोरी माश्यांचे पोळे होते. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी बोरीखाली माश्या पडलेल्या दिसल्या आणि आठवड्यात पोळे रिकामे झाले. माझ्याच औषधाने झाले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण काही ट्रायझोल बुरशीनाशके माशीच्या शरीरातील विष पचवणारी यंत्रणा अडवतात आणि त्यामुळे पायरेथ्रॉइड तिला कितीतरी अधिक जहरी ठरते, हे संशोधकांनी १९९३ मध्येच दाखवून दिले आहे. बुरशीनाशक बुरशीलाच मारते, माशीला त्याचे काय, असे आपण धरून चालतो. ते एकेकटे फवारले तर बऱ्याच अंशी खरे असेल, पण आपल्या टाकीत एकेकटे असे काही नसतेच. द्राक्षाच्या फळधारणेला माशी लागत नाही हे मान्य, पण शेजाऱ्याच्या कांदा बीजोत्पादनाला ती लागते.

आता तुमच्या व्हर्टिसिलियमबद्दल. ती पुडी बोगस होती असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. असेलही, पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढलेली पुडी माझ्याही वाट्याला आली आहे. पण व्हर्टिसिलियम हीच मुळात एक बुरशी आहे. तिचे जिवंत बीजाणू मिलीबगच्या अंगावर रुजून आत शिरतात तेव्हा कीड मरते, आणि तुम्ही ती बुरशी थेट बुरशीनाशकाच्या टाकीत टाकली. मँकोझेब कोणत्याही एका बुरशीपुरते काम करत नाही, त्याच्यासमोर डाऊनी आणि व्हर्टिसिलियम सारखेच. पुडीत एका ग्रॅमला दहा कोटी बीजाणू असले तरी ब्लोअर बागेत पोचेपर्यंत त्यांतले किती जगतील याचा विचार तुम्हीच करा. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची मुळांशी आळवणी करणारे आपले हळदवाले बांधव कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत हीच चूक करतात. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माची वाढ बंद पाडते, शिवाय गांडुळांनाही ते मानवत नाही. सगळीच बुरशीनाशके या बाबतीत सारखी नसतात, हेही सांगायला हवे. मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक डाऊनीच्या कुळावर काम करते, ते कूळ खऱ्या बुरशीपेक्षा वेगळे आहे, त्यामुळे ट्रायकोडर्माला त्याचा तितका त्रास होत नाही. मात्र बाजारात मेटालॅक्झिल बहुतेक वेळा मँकोझेबसोबतच येते, म्हणून लेबलवरचे दोन्ही घटक वाचावेत.

मी आता काय करतो ते सांगतो, ही शिफारस समजू नये. बुरशीनाशक वेलीच्या वरच्या पसाऱ्यावर ब्लोअरने जाते. व्हर्टिसिलियम फक्त खोडावर आणि ओलांड्यावर हातगनने, सूर्य मावळल्यावर, हवेत ओल असताना आणि धुतलेल्या वेगळ्या टाकीतून जाते. दोन्हींमध्ये मी आठवडाभराचे अंतर ठेवतो. हा आठवडा माझ्या सोयीचा आहे, कोणत्या पुस्तकातला नाही. पुडी जिवंत आहे का ते पाहण्यासाठी फवारलेल्या सालीचा मिलीबगसकट तुकडा ओल्या कापसासोबत डबीत झाकून ठेवतो. पाच-सात दिवसांत किड्यांच्या अंगावर पांढरी बुरशी फुलली तर पुडी ठीक. मिलीबगचे स्वतःचे मेणही पांढरेच असल्यामुळे पहिल्या वेळी फसायला होते, म्हणून शेजारी न फवारलेला एक तुकडाही ठेवावा.

थोडे बाजूचे, पण कामाचे. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय क्रिप्टोलेमसवर पैसे घालू नका. चिकट्यासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. वारुळे शोधून तिथेच उपाय करावा, त्यासाठी अख्ख्या बागेला औषध पाजण्याची गरज नाही. आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग खिशात ठेवा, कोणत्याही औषधाच्या बाटलीपेक्षा ते स्वस्त पडते. त्यातून एखादी मिलीबग तपकिरी, फुगीर आणि गोल भोक पडलेली दिसली, तर तिच्यातून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडून गेली आहे असे समजावे. ही माशी चिलटाहून लहान असते आणि ती बागेत आहे हे बहुतेकांना कळतही नाही.

‘हे सगळे कागदावर ठीक आहे, मित्रकिडीच्या भरवशावर बाग सोडता येत नाही’ असे या प्रश्नाखाली दोघांनी लिहिले आहे. बाग सोडा असे मीही म्हणत नाही. घडात मिलीबग शिरली असेल आणि काढणी जवळ असेल तर निर्णय वेगळा घ्यावा लागतो आणि तेव्हा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहूनच औषध निवडावे लागते. पण भरवशाबद्दल बोलायचे तर २००२ सालचा उसावरचा लोकरी मावा आठवा. त्या जुलैत तो महाराष्ट्रात आपल्याच सांगली जिल्ह्यात दिसला. मामांच्या पलूसकडच्या उसात पाने पांढरी आणि खाली काळी पडली होती. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी नीट होतच नव्हती, जिथे झाली तिथेही मावा पुन्हा आला. अखेर त्याला आवरले ते डिफाच्या अळीने आणि मायक्रोमसने, म्हणजे मावा खाणाऱ्या दोन मित्रकिडींनी. डिफा असलेली पाने कापून एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधताना मी स्वतः मामांच्या मागे हिंडलो आहे. आणि क्रिप्टोलेमसही काही कालचे फॅड नाही, कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये आपल्या देशात आणला गेला.

म्हणून विनंती एवढीच, की उद्या सकाळी दहाच्या आत पाच वेगवेगळ्या ओळींतील एकेका वेलीच्या ओलांड्यावरचे ते झिपरे किडे डबीत घ्या, झाकण उघडे ठेवून एकेक उलटा करून पाहा आणि पायांचा फोटो इथे टाका. त्यासोबत चारही फवारण्यांच्या टाकीत काय काय आणि कोणत्या क्रमाने घातले होते तेही लिहा. दुकानाची बिले ठेवली असतील तर नावे त्यांवरून उतरवा, आठवणीवरून नको. काढणीला किती दिवस आहेत तेही तुम्ही लिहिलेले नाही. ते कळल्यावर पुढचे बोलता येईल.