डबलसीट बसल्यावर खालून ठोका का बसतो?

प्रश्न : आमच्याकडे २०१८ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. हे चालवतात, मी मागे बसते. माझं माहेर कराडला, त्यामुळे चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वरचेवर जाणं होतं. यांचं वजन ८४ किलो, माझं ६२, शिवाय एक बॅग. एकटे असले की यांना गाडी झकास वाटते, पण मला प्रत्येक खड्ड्यात खालून ठोका बसतो. घाट उतरेपर्यंत कंबर धरते. गॅरेजवाले म्हणतात, "शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आहे, आता गॅसचे टाका, नाहीतर सीट जाड करून घ्या." काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे ते शॉकअप मऊ खाचेवरून काढा. (खाच म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीपासून किती आवळून ठेवायची, त्याचा टप्पा.) डबलसीटला मऊ खाच म्हणजे आराम, हा समज मला गॅरेजमध्ये रोज भेटतो आणि त्यापायी मागे बसणाऱ्याची पाठ जाते, याचं खरंच वाईट वाटतं.

तुमच्या गाडीचं मागचं चाक वर-खाली मिळून ८० मिलिमीटर हलू शकतं. चालवणाऱ्याचं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं, तुमचं मात्र जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. मऊ खाचेवर तुम्ही दोघं बॅगेसह बसलात आणि गाडी उभ्या जागीच ५० मिलिमीटर दबली, तर खड्ड्यासाठी ३० उरले. तेवढे पहिल्याच खड्ड्यात संपतात आणि शॉकअप तळाला आपटतो. तुम्हाला बसतो तो ठोका हाच. जाड सीटने तो थांबणार नाही.

आता टेप घ्या. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक लोंबकळू द्या. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर खूण करून अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून काढा, दोघंही बॅगेसकट नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा. तिसऱ्या कुणी पुढून गाडी धरावी, चौथ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. दोन मापांतला फरक एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवा; तुमच्या गाडीला २५ ते २८ मिलिमीटर. जास्त आला तर हुक पान्याने एकेक खाच वर चढवा आणि दर वेळी पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी. हे माप तुम्ही सीटवर असल्याशिवाय घेता येत नाही, तेव्हा नवऱ्याला एकट्याला गॅरेजवर धाडू नका.

खाच चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. तुमच्या शॉकअपला पाच खाचा आहेत. पाचवीवरही फरक ४० च्या आसपास राहिला, तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाला पुरत नाही, किंवा थकली आहे. सीट जोरात दाबून सोडून पाहा: मागची बाजू एकदा वर येऊन थांबली पाहिजे. डुलत राहिली, किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसलं, तर तो गेला. चिमट्याचे (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दुहेरी दांड्याचे) सांध्यातले बुशही त्याच वेळी हलवून बघायला सांगा.

गॅसबद्दल म्हणाल, तर तुमच्या गाडीला कंपनीनेच गॅसचे शॉकअप दिलेले आहेत. आतला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. वजन पेलते ती स्प्रिंग. म्हणून नवे घेताना दुकानदाराला ८४, ६२ आणि बॅगेचे किलो सांगा आणि त्या वजनाची स्प्रिंग मागा. वजन न विचारताच डबा पुढे सरकवणाऱ्याकडून घेऊ नका. पैसे रिबाउंडच्या स्क्रूवर, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडेल ते ठरवणाऱ्या स्क्रूवर, जरूर खर्च करा. कडक स्प्रिंग दबली की तितक्याच जोराने उसळते. ती उसळी आवरता आली नाही तर तुम्ही सीटवरून उडाल आणि आधीचेच बरे होते म्हणाल. शॉकअपच्या बाजूला लटकणारी तेल-गॅसची वेगळी टाकी दिसायला छान, पण चिपळूण-कराडसाठी तिची गरज नाही.

वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतची लांबी मात्र मूळचीच ठेवा. लांब शॉकअप घातले तर मागची बाजू उचलली जाते, हँडल उतावळं होतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते.

बसवून झाल्यावर चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना बघून घ्या. गाडी दबते तशी चेन ताणली जाते, रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन डबलसीटला तट्ट होऊ शकते. मागच्या टायरची हवा पुस्तिकेत डबलसीटसाठी लिहिली आहे तेवढी भरा. हेडलाइटही पाहा, इतके दिवस मागची बाजू दबलेली असल्याने तो खाली झुकवून लावला गेला असेल, तर आता रस्त्याच्या फार जवळ पडेल. आणि नवरा एकटा कामावर जाईल त्या दिवशी खाच दोनेक घरं खाली आणायची.