चार वर्षं जुना प्रोजेक्ट, ऑडिटमध्ये ६३ वॉर्निंग: फोर्स मारू का?

तुमचा प्रश्न असा आहे की चार वर्षांपूर्वीचा नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट हातात आलाय, एनपीएम ऑडिट (वापरलेल्या तयार पॅकेजेसमधल्या सुरक्षा त्रुटींची यादी देणारी कमांड) चालवलं तर ६३ वॉर्निंग, त्यातल्या ५ क्रिटिकल, अ‍ॅप मात्र व्यवस्थित चालतंय, मग हात लावायचा का, आणि लावायचा तर ऑडिट फिक्सला (त्या त्रुटी आपोआप दुरुस्त करणाऱ्या कमांडला) फोर्स हा पर्याय देऊन एकदाच सगळं उरकून टाकायचं का. हात लावायचाच. पण फोर्स नको.

आधी "चालतंय तर कशाला" याबद्दल, कारण हे मी फार ऐकतो. एखाद्या पॅकेजमधली त्रुटी दुरुस्त होऊन नवीन व्हर्जन आलं की जुन्या आणि नव्या कोडमधला फरक सगळ्यांना दिसतो, म्हणजे भोक नेमकं कुठे होतं ते हल्ला करणाऱ्यालाही कळतं, आणि त्यानंतर त्याला हुशारी लागतच नाही, जुनं व्हर्जन कोण वापरतंय ते शोधणारी स्क्रिप्ट पुरते. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीचं तसंच झालं. ते वापरत असलेल्या अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कचा पॅच (दुरुस्ती) मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्लेखोर मे महिन्यात घुसले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दोन महिने पॅच उपलब्ध होता हो!

आता माझा अनुभव. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या त्रुटीचं प्रकरण बाहेर आलं, तीव्रता १० पैकी १०, लॉगमध्ये एक ठरावीक स्ट्रिंग गेली की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवणार. आमच्याकडे जावाची एक रिपोर्ट सर्व्हिस होती, मी तिची पॉम फाइल (आपण टाकलेल्या लायब्ररींची यादी) उघडली, लॉगफोरजेचं नाव कुठेच नाही, म्हणून टीमला सांगून टाकलं की आपण सेफ आहोत. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने मेव्हन या बिल्ड टूलने डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कोणाला आत आणते त्याची उतरंड, काढली तर दुसऱ्याच एका लायब्ररीच्या खाली, तिसऱ्या पातळीवर, तेच जुनं व्हर्जन बसलेलं. आम्ही ते स्वतः कधी टाकलंच नव्हतं. आणि अपडेट करायला गेलो तर वरची लायब्ररी इतकी जुनी की ती बदलायची तर फ्रेमवर्क बदला, फ्रेमवर्क बदलायचं तर जावा बदला. ज्यांचे प्रोजेक्ट ताजे होते ते एका संध्याकाळीत मोकळे झाले, आम्हाला आठवडे लागले, त्यात त्याच महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा एकामागून एक दुरुस्त्या येत राहिल्या. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की खरा धोका एका त्रुटीचा नसतो, तुम्ही चालू व्हर्जनपासून किती लांब राहिलात त्याचा असतो.

म्हणून ६३ आकड्याला घाबरू नका, आधी ते वेगळे करा. ऑडिट डेव्ह डिपेंडन्सी (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजेस) वगळून परत चालवा, बऱ्याचदा निम्म्याहून जास्त यादी तिथेच जाते. बिल्ड टूलमधल्या रेगेक्समुळे (मजकुरात नमुना शोधणारं सूत्र) प्रोसेस अडकू शकते अशी वॉर्निंग असेल आणि त्या रेगेक्सला इनपुट फक्त तुमच्याच कॉन्फिग फाइलमधून जात असेल तर ती उद्या बघितली तरी चालेल, पण तीच त्रुटी युजरने पाठवलेला मजकूर वाचणाऱ्या पॅकेजमध्ये असेल तर आजच बसा, तिथे तीव्रतेचं लेबल मॉडरेट (मध्यम) असलं तरी. लेबल पॅकेजला लावलेलं असतं, तुमच्या वापराला नाही. त्या ५ क्रिटिकलसाठी एनपीएम एक्सप्लेन चालवून बघा की ते पॅकेज कोणी आत आणलं. आणि हे करताना न वापरलेली पॅकेजेस सापडतातच, ती सरळ काढून टाका, यापेक्षा चांगली दुरुस्ती नाही.

फोर्स का नको, तर तो तुम्ही ठरवलेली व्हर्जनची मर्यादा ओलांडून मेजर व्हर्जन (जुना कोड मोडू शकेल असा मोठा बदल) टाकतो, कधी कधी उलट मागचं व्हर्जनही टाकतो, आणि मग अ‍ॅप मोडलं की पन्नास बदलांमधला कोणता कारणीभूत ते शोधत बसायचं. लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी) कमिट करा, सर्व्हरवर एनपीएम सीआय (त्या फाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारी कमांड) वापरा, आधी पॅच आणि मायनर म्हणजे छोटे अपडेट एका फेरीत, मग मेजर एकेक करून, प्रत्येकाचा वेगळा कमिट. टेस्ट नसतील तर लॉगिन आणि पैशांचा व्यवहार एवढ्या दोन गोष्टींच्या तरी आधी लिहा.

नोडचं व्हर्जनही बघा बरं का. इतका जुना प्रोजेक्ट नोड १६ वर असायची शक्यता भरपूर, आणि त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय, ऑडिट ते सांगत नाही.

नंतर डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेट (नवीन व्हर्जन आलं की अपडेट आपोआप सुचवणारी साधनं) लावा म्हणजे परत इतकं साचणार नाही. पण नवीन आलं की त्याच मिनिटाला घ्यायची घाईही नको. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारख्या सगळीकडे असणाऱ्या पॅकेजेसची दूषित व्हर्जन्स प्रकाशित झाली, मेंटेनरला (ती पॅकेजेस सांभाळणाऱ्याला) फसव्या मेलने गंडवून खातं घेतलं होतं, काही तासांत ती काढली गेली, पण तेवढ्यात ज्यांनी अपडेट ओढलं त्यांच्यात ती आली. रोजच्या अपडेटला काही दिवस थांबायचा नियम लावा, सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र तो लावू नका.

शेवटी एखादं पॅकेज असं उरेल की त्याला आत आणणाऱ्या वरच्या पॅकेजने अपडेटच दिलेलं नाही. तिथे पॅकेज फाइलमध्ये ओव्हरराइड्स टाकून आतलं व्हर्जन स्वतः ठरवता येतं, एनपीएम ८.३ पासून ही सोय आहे, फक्त ते का टाकलंय आणि वरच्या पॅकेजचं कोणतं व्हर्जन आलं की काढायचं हे कमिट मेसेजमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तेच ओव्हरराइड तुम्हाला जुन्या व्हर्जनवर अडकवून ठेवेल.