नागपुरात एकच दिवस आहे, मुलगी आणि सासरे सोबत आहेत, अजब बंगला पाहायला जावं का आणि कसं?

नक्की जा. तुम्ही लिहिलं की पुण्याहून येऊन राहिले, मुलगी दहा वर्षांची, सासऱ्यांना मूर्ती-शिल्पांची आवड, तर दोघांचंही जमते अशी हीच जागा आहे. अजब बंगला म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 मध्ये सुरू झालेलं. इतकी जुनी गोष्ट गावात असून आम्ही नागपूरकर लहानपणी शाळेच्या सहलीत जातो आणि मग फिरकतही नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटते.

सोमवारी बंद असते, हे आधी लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये येऊ नका, इथे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जाते, सासऱ्यांना झेपणार नाही. थंडीत या, पण डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन चालू असलं की विधानभवनाच्या आजूबाजूला बंदोबस्त, मोर्चे, रस्ते वळवलेले, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा. मेट्रोने सीताबर्डीला उतरा, तिथून ऑटोने जवळच आहे. सकाळी तर्री पोहे खाऊन घ्या आणि उघडल्या उघडल्या आत शिरा, दुपारच्या आत निवांत होते.

आत गेल्यावर एक गोष्ट डोक्यात असली की सगळं बघायला मजा येते. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे आज जे मध्य प्रदेशात मोडते तिथलं सापडलेलं सामानही इथे आलं. म्हणून पाटीवर गावाचं नाव वाचत चला, मुलीला मोबाईलमध्ये नकाशा काढून द्या आणि प्रत्येक वस्तूचं गाव शोधायला लावा, ती कंटाळणार नाही बघा. उदाहरण म्हणजे गुंगेरिया, बालाघाट जिल्ह्यातलं गाव. 1870 मध्ये तिथे गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याची हत्यारं सापडली, 424 तांब्याच्या वस्तू आणि सोबत चांदीचे 102 पातळ तुकडे, त्यातले काही बैलाच्या डोक्याच्या आकाराचे!! हा साठा पुढे वाटला गेला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काही इथे.

सासऱ्यांसाठी मात्र हमलापुरीच्या बुद्धमूर्ती. हमलापुरी हे रामटेकजवळचं छोटंसं गाव, तिथे वाकाटक राजघराण्याच्या काळातल्या कांस्याच्या मूर्ती मिळाल्या, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या. लोक अजिंठ्याला वाकाटक शोधत जातात आणि त्यांची एक राजधानी नंदिवर्धन, आजचं नगरधन, नागपूरपासून तासा-दीड तासावर आहे हे कोणाला माहीतच नसते. ह्या मूर्ती घाईत बघू नका, आकाराने लहान आहेत, लोक पुढून निघून जातात. सापडल्या नाही तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. माझ्यापुरतं विचाराल तर फक्त ह्या मूर्तींसाठी जरी आलात तरी फेरी वसूल आहे.

पेंढा भरलेले प्राणी-पक्षी शेवटी ठेवा, नाहीतर मुलगी तिथून हलणार नाही आणि सासऱ्यांचं बघणं राहून जाईल. आदिवासी दालन सोडू नका. शस्त्रं भरभर पाहिली तरी चालते. मध्ये बसायला जागा मिळेलच असं धरून चालू नका, सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर दोन दालनांनंतर बाहेर येऊन थोडं थांबा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. फोटोचं आत शिरतानाच विचारून घ्या.

जेवणानंतर दोन रस्ते आहेत. सासरे थकले नसतील तर गाडी करून रामटेक, वाटेत नगरधन बघता येते, सकाळी जे पाहिलं ते कुठल्या मातीतून आलं ते कळेल. थकले असतील तर सरळ दीक्षाभूमीला जा, गावातच आहे.