ओरडणाऱ्याकडे आधी धावू नकोस

प्रिय पोरी,

नागरी संरक्षणात, म्हणजे संकटात लोकांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांत, नाव घातलंस, बरं केलंस. आई रागावली असेल. माझीही रागावली होती.

त्रिकोणी पट्टीची गाठ जमली म्हणतेस, तर आता दिवा मालवून मारून बघ. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलंस तर गाठ सरकते. ओढणी घे, भावाचा हात झोळीत बांध. गाठ चपटी बसली की बोटांना कळतं.

आमच्या सरावात एकदा 'जिना कोसळला' होता. गुडघ्याला लाल रंग फासलेली एक मुलगी जिवाच्या आकांताने ओरडत होती. मी तिच्याकडे धावले. जिन्याखाली दुसरी गप्प पडली होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. शिकवणाऱ्या सरांनी तिच्या अंगावर 'मृत' अशी चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "बाई, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो." त्या रात्री जेवण गेलं नाही. नाटकच होतं, तरीही.

हवाई हल्ल्याचा सायरन खालीवर होत वाजला तर धोका, एकसुरी वाजला तर धोका टळला. हे घरच्या म्हाताऱ्यांना आधी शिकव.

नागपुरात पूर्वी राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होतं, आता तिथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी आहे. शिकवणाऱ्यांची वाण नाही. पण तुझी गल्ली तुलाच शिकावी लागेल. महाल-इतवारीच्या काही बोळांत बंब शिरत नाही. कोणाची आजी अंथरुणाला खिळलीय, कोणाकडे ओली बाळंतीण आहे, रात्रपाळीवाला दिवसा कुठल्या खोलीत झोपतो, लांब शिडी कोणाकडे, हे वहीत लिहून ठेव. हळदीकुंकवाला घरोघरी जाणाऱ्या बाईला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. पुरुष वॉर्डनला, म्हणजे वस्ती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला, विचारून बघ, डोकं खाजवेल!

आणि 'बायकांचं काय काम' असं कोणी म्हणालं, तर गुजरातमधल्या भुजचं सांग. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिथल्या विमानांच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. धोक्याचा सायरन वाजला की झुडपांत दडायचं, धोका टळल्याचा वाजला की पुन्हा कामाला लागायचं. त्यांना आधी कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तुला मिळतंय.

रविवारी ये. येताना जुनी, जाड चादर आण. बेशुद्ध माणसाला चादरीवर घेऊन डोक्याकडून कसं ओढायचं, ते दाखवते. मलाच ओढ. वजन वाढलंय माझं, सरावाला बरंच.

तुझी,
मावशी